वळताना ‘कट-कट’ : जुन्या गाडीचा एक्सल बदलला

डावीकडे पूर्ण वळण घेतलं की पुढून कट-कट असा आवाज यायचा, सरळ रस्त्यावर काही नाही. गॅरेजवाल्याने आधी बेअरिंगवर बोट ठेवलं. पण बेअरिंगची घरघर वेगाबरोबर वाढते, फक्त वळणावर टकटकत नाही. मोकळ्या मैदानात स्टिअरिंग पूर्ण फिरवून हळू गोल चकरा मारल्या: डावीकडे वळताना आवाज, उजवीकडे शांत. डावीकडे वळताना भार उजव्या चाकावर येतो, म्हणजे संशय उजव्या बाजूच्या, बाहेरच्या सीव्ही जॉइंटवर (चाक वळलेलं असतानाही इंजिनची ताकद चाकापर्यंत पोचवणारा, एक्सलच्या टोकाचा सांधा). (ॲक्सिलरेटर दाबल्यावर गाडी थरथरली असती तर आतला, गिअरबॉक्सकडचा जॉइंट पाहिला असता.) चाकामागे वाकून पाहिलं, तर जॉइंटवरचा रबरी बूट (ग्रीस आत ठेवणारं आवरण) फाटलेला आणि रिमच्या आतून ग्रीस उडालेलं. ग्रीस गेलं, धूळ-पाणी शिरलं, की जॉइंटचं आयुष्य संपलंच.

नुसता जॉइंटही मिळतो, पण शाफ्टचं (मधल्या दांड्याचं) वय पाहता पूर्ण एक्सलच घेतला.

चाकाच्या मधला, एक्सलचा मोठा नट चाक जमिनीवर असतानाच सैल करायचा, नाहीतर चाकच फिरतं. मग जॅक, खाली स्टँड (नुसत्या जॅकवर गाडीखाली जाऊ नये), गिअर ऑइल काढलं, खालचा बॉल जॉइंट (हब खालून धरणारा सांधा) सोडवला, चाकाचा हब (चाक बसतं तो मधला भाग) बाहेर ओढला. गिअरबॉक्सकडचं टोक टॉमीने (लोखंडी कांबेने) बेताने उचकटलं. इथे घाई केली की ऑइल सील (तेल गळू न देणारी रबरी कडी) कापतो. तो स्वस्त असतो, मी नवाच बसवला. सर्क्लिप (एक्सल आत अडकवून ठेवणारी कडी) आणि नटही नवे. गाडी खाली उतरवून नट टॉर्क पान्याने (ठरलेल्या जोराने आवळणाऱ्या पान्याने) कसला, नट सैल होऊ नये म्हणून त्याची कड एक्सलच्या खाचेत ठोकली, ऑइल पातळीपर्यंत भरलं.

आवाज गेला. डाव्या बाजूचा बूट मात्र तडकायला लागलाय. पावसाळ्याआधी तोही बदलेन.