ताळेबंद जुळत नाही? अकाउंट्सच्या अभ्यासातल्या या चुका टाळा

एफवायला (पहिल्या वर्षाला) असताना अकाउंट्सच्या पेपरात माझा ताळेबंद १,८०० रुपयांनी चुकला होता. वर्गात शिकवलेलं डोक्यात पक्कं बसलं होतं, की फरकाला ९ ने भाग गेला तर कुठेतरी अंक उलटे पडलेत. १,८०० ला ९ ने भाग जातो. झालं! पस्तीस मिनिटं मी एकेका आकड्यावर बोट ठेवून ताडत बसले. उलटलेला अंक सापडला नाही आणि शेवटचा प्रश्न कोरा राहिला. पेपर संपवून नाशिकच्या सीबीएस स्टँडवरून निमाणीच्या बसमध्ये बसले, खिडकीला डोकं टेकलं आणि लख्ख आठवलं. पूर्वदत्त (आगाऊ भरलेला) विमा ९०० रुपये. तो मी मालमत्तेऐवजी देयतेच्या बाजूला लिहिला होता. एकीकडे ९०० कमी, दुसरीकडे ९०० जास्त.

आता मी बीकॉमच्या मुलामुलींच्या शिकवण्या घेते. वह्या तपासताना दरवर्षी त्याच त्या चुका भेटतात. बहुतेकांना नियम तोंडपाठ असतात, गाडी अडते ती दुसरीकडेच.

फरक शोधताना ९ पासून सुरुवात करू नका

आधी बघा, फरकाइतकीच रक्कम प्रश्नात कुठे आहे का. असेल तर ती नोंद एकाच ठिकाणी झाली आहे. उदाहरणार्थ घसारा (वापराने यंत्राची घटलेली किंमत) नफा-तोटा खात्यात टाकला, पण यंत्रातून वजा करायचा राहिला. नसेल तर फरक निम्मा करा आणि ती रक्कम शोधा. ती सापडली तर नोंद उलट्या बाजूला गेली आहे. मी त्या दिवशी १,८०० चे निम्मे केले असते, तर ९०० चा विमा अर्ध्या मिनिटात समोर आला असता.

९ चा नंबर त्यानंतर. ५,६४० च्या जागी ५,४६० लिहिलं तर फरक १८०, त्याला ९ ने भाग जातो. शून्य वाढलं तरी तेच. ४५० चे ४,५०० झाले तर फरक ४,०५०, त्यालाही जातो. युक्ती खरी आहे, पण ती इशारा देते, पुरावा नव्हे. १८, ९००, १,८००, ३६,००० अशा कितीतरी रकमांना ९ ने सहज भाग जातो. फरक नेमका १०, १०० किंवा १,००० असेल, तर बेरजेतला हातचा तपासा.

जमा म्हणजे नक्की कोणाच्या वहीत?

नियम पाठ असूनही नोंद चुकते, त्याचं मूळ बहुतेकदा इथे असतं, म्हणून यावर थोडी थांबते.

मोबाइलवर बँकेचा मेसेज येतो, ‘तुमच्या खात्यात ५,००० रुपये क्रेडिट झाले’. मेसेज वाचून पोरं ठरवून टाकतात, की पैसे आले म्हणजे क्रेडिट. मग कॉलेजात सांगतात, की पैसे आले तर बँक खातं डेबिट करा. इथून जो गोंधळ सुरू होतो तो काहींच्या बाबतीत टीवायपर्यंत, म्हणजे तिसऱ्या वर्षापर्यंत टिकतो. बँकेने मेसेज तिच्या वहीतून पाठवलेला असतो. तिच्या दृष्टीने तुमचे पैसे हे तिचं देणं, तुम्ही तिचे धनको. तिचं देणं वाढलं म्हणून तिने तुम्हाला क्रेडिट केलं. तुमच्या वहीत बँक ही तुमचं येणं आहे, ते वाढलं म्हणून डेबिट. व्यवहार एकच, वह्या दोन.

दुकानदारांच्या घरातल्या मुलांचा गोंधळ आणखी वेगळा. माझ्या काकांचं रविवार कारंजाजवळ दुकान होतं, लाल कापडी पुठ्ठ्याची वही, लक्ष्मीपूजनाला तिची पूजा. त्या वहीत डावीकडे जमा, उजवीकडे नावे. गिऱ्हाइकाने उधारी फेडली की काका डावीकडे ‘जमा’ लिहायचे. कॉलेजात डावी बाजू नावे आणि रोकड आली तर रोख खातं नावे. मला वाटायचं, दोघांपैकी एक जण नक्की चुकतोय. चुकत कोणीच नव्हतं. काका रोकड जमा करत नव्हते, ते गिऱ्हाइकाला जमा करत होते. ‘रोख खाते नावे, गिऱ्हाइकाच्या खात्याला जमा’ या नोंदीचा दुसरा अर्धा भाग तेवढा त्यांच्या वहीत शब्दांत दिसायचा. रोकड तर गल्ल्यातच होती.

म्हणून रोजकीर्दीचं (जर्नलचं) पहिलं गणित सोडवण्याआधी वहीच्या वरच्या कोपऱ्यात लिहा, ‘कोणाच्या वह्या?’ प्रश्नात ते दिलेलं असतं, आपण वाचत नाही.

बँक जुळवणी पत्रकात, म्हणजे आपलं रोख पुस्तक आणि बँकेचं पासबुक यांच्या शिल्लका ताडून बघतो तिथे, हीच चूक वेगळं रूप घेते. आपण काढलेला धनादेश अजून वटला नाही, तर रोख पुस्तकाच्या शिल्लकेत ती रक्कम मिळवायची, हे सगळ्यांना पाठ असतं. रोख पुस्तकात ४२,००० शिल्लक, ५,५०० चा धनादेश वटायचा बाकी, म्हणजे पासबुकात ४७,५००. मग परीक्षेत येतो ओव्हरड्राफ्ट, म्हणजे शिलकीपेक्षा जास्त उचललेले पैसे. रोख पुस्तकाप्रमाणे ओव्हरड्राफ्ट १०,०००, धनादेश ३,००० चा. सवयीने मिळवून १३,००० लिहिलं जातं. वटला नाही म्हणजे बँकेतून पैसे अजून गेलेच नाहीत, म्हणजे बँकेच्या लेखी कर्ज कमीच असणार. उत्तर ७,०००. दोन वेगळे नियम पाठ करण्यापेक्षा ओव्हरड्राफ्ट उणे चिन्हाने लिहा. −१०,००० अधिक ३,००० बरोबर −७,०००. नियम एकच राहतो.

तेरजेच्या आतलं आणि बाहेरचं

तेरीज म्हणजे ट्रायल बॅलन्स, सगळ्या खात्यांच्या शिल्लकांची यादी. अंतिम खात्यांत मार्क जातात ते समायोजनांत, म्हणजे तेरजेखाली दिलेल्या जादा सूचनांत. तेरजेत दिलेली रक्कम एकदाच लिहायची, तेरजेखाली समायोजनात दिलेली दोनदा. हे सगळ्यांना ठाऊक असतं, पण रक्कम तेरजेच्या आत दिसली की हात थांबत नाही. अदत्त (द्यायची राहिलेली) मजुरी तेरजेतच आली असेल तर ती मजुरीत मिळवायची नाही, कारण ते आधीच झालंय. फक्त देयतेत दाखवायची. अखेरचा माल तेरजेत आला तर व्यापार खात्यात लिहायचा नाही, कारण तो खरेदीतून आधीच वजा झालेला असतो. फक्त मालमत्तेत.

सोपा उपाय आहे. प्रश्नपत्रिकेवरच प्रत्येक समायोजनासमोर पेन्सिलीने दोन टिंबं द्या. एक परिणाम लिहिला की एक टिंब खोडा.

बुडीत कर्जाचं समायोजन चुकवणाऱ्यांची संख्या बघून मी त्याला आमच्या वर्गाचा कसारा घाट म्हणते. समजा तेरजेत ऋणको (ज्यांच्याकडून आपलं येणं आहे ते) ८२,०००, बुडीत कर्ज १,५०० आणि जुनी संशयित कर्जाची तरतूद ३,००० आहे. समायोजनात सांगितलंय, आणखी २,००० बुडीत धरा आणि ऋणकोंवर ५ टक्के तरतूद करा. ५ टक्के ८२,००० वर काढले जातात, ४,१००. चूक. जे २,००० बुडाले त्यांची शंका घेण्यात काय अर्थ? उरलेल्या ८०,००० वर काढायचे, ४,०००. नफा-तोटा खात्यात १,५०० अधिक २,००० अधिक ४,००० उणे ३,००० म्हणजे ४,५०० जातील. ताळेबंदात ८२,००० मधून २,००० आणि ४,००० वजा होऊन ७६,००० राहतील. तेरजेतले १,५०० ऋणकोंतून पुन्हा वजा करणारे दरवर्षी वर्गातले निम्मे तरी असतात. ते ८२,००० मध्ये नाहीतच, आधीच गेलेत.

जुळला, म्हणून बरोबर असं नाही

ताळेबंद जुळला की पेन खाली ठेवणारे हुशार विद्यार्थीच इथे फसतात. १ ऑक्टोबरला १,२०,००० चं यंत्र घेतलं, घसारा वार्षिक १० टक्के, वर्ष ३१ मार्चला संपतं. सहा महिन्यांचे ६,००० हवेत. कोणी १२,००० धरले आणि दोन्हीकडे १२,०००च लिहिले, तर ताळेबंद सुरेख जुळेल आणि नफा ६,००० नी चुकेल. तेरजेचंही तसंच. व्यवहार पूर्ण विसरला, एका गिऱ्हाइकाची रक्कम दुसऱ्याच्या नावावर टाकली, दोन चुकांनी एकमेकींना झाकलं, तेरीज हूं की चूं करत नाही.

महसुली (रोजच्या कामकाजाच्या) आणि भांडवली (मालमत्ता उभी करण्याच्या) खर्चाची गल्लतही अशीच गुपचूप राहते. पिंपळगावच्या एखाद्या पॅकहाउसमध्ये द्राक्षांसाठी नवीन शीतयंत्र बसवलं आणि ते बसवायला ८,००० मजुरी दिली. ‘मजुरी’ हा शब्द दिसला की पोरं ती व्यापार खात्यात लोटतात. ती यंत्राच्या किमतीत मिळवायची. त्याच यंत्राची पुढच्या वर्षी दुरुस्ती झाली तर ती मात्र खर्चात.

हमाली आणि गाडीभाड्याचंही तेच. लासलगावहून कांदा आणताना दिलेलं भाडं व्यापार खात्यात, विकलेला कांदा पोचवायला दिलेलं नफा-तोटा खात्यात. एकाच ट्रकवाल्याला दिलेले पैसे दोन जागी जातात.

कांद्याचा विषय निघालाच आहे तर कन्साइनमेंटमधली (दुसऱ्याकडे विकायला पाठवलेल्या मालातली) सर्वसाधारण घट. १०० क्विंटल कांदा एकूण २,००,००० ला पडला, सुकून-सडून २० क्विंटल गेला. उरलेला माल २,००० भावाने मोजायचा नाही. ८० क्विंटलनेच सगळा खर्च उचलायचा, म्हणजे २,५०० भाव. १६ क्विंटल शिल्लक असेल तर ४०,०००. आता बाजारात २,२०० च मिळत असेल आणि विकायला वेगळा खर्च नसेल, तर ३५,२०० धरायचे, कारण लेखा मानक २ प्रमाणे साठा खर्च किंवा निव्वळ विक्रीमूल्य यांतल्या कमी रकमेने दाखवतात. कांद्याच्या चाळीत वाढलेल्या मुलाला हे एकदा सांगितलं की तो पुन्हा चुकत नाही. पुस्तकात तेच गणित तेलाच्या डब्यांवर असतं, तेव्हा चुकतो.

एक आवडीची गोष्ट, अभ्यासक्रमाच्या थोडी कडेची. द्राक्षबाग ही मालमत्ता की साठा? २०१६ मध्ये सुधारलेल्या लेखा मानक १० मध्ये वर्षानुवर्षं उत्पन्न देणारी झाडं यंत्र-इमारतींच्या रांगेत बसवली आहेत, त्यांवर घसाराही निघतो. वेलीवरचे घड मात्र त्यात येत नाहीत. दिंडोरीच्या एका विद्यार्थिनीने हे ऐकून विचारलं होतं, “मॅडम, म्हणजे आमच्या बागेला घसारा आणि बैलाला?” तो तास तिथेच संपला.

शब्दांत अडकणं

बारावीपर्यंत मराठीतून शिकून पुढे इंग्रजी पुस्तक हातात येतं तेव्हा ऋणको-धनको आणि डेटर्स-क्रेडिटर्स यांची अदलाबदल होते. क्रेडिट म्हणजे जमा, म्हणून क्रेडिटर म्हणजे ज्यांच्याकडून जमा व्हायचं ते, असा तर्क मी कित्येकांच्या तोंडून ऐकलाय. क्रेडिटर म्हणजे धनको, आपण ज्यांचं देणं लागतो ते. वहीच्या मागच्या पानावर दोन्ही भाषांतले शब्द समोरासमोर लिहून ठेवा. चाळीसेक शब्दांत काम भागतं.

सोडवलेलं गणित वाचणं

गाइडमधलं उत्तर डोळ्याखालून घातलं की सगळं पटत जातं. पटणं म्हणजे येणं नव्हे, हे कळायला परीक्षा लागते. उत्तर झाका, कोऱ्या कागदावर सोडवा, अडलात तर एकच ओळ उघडा. दिवसाला एक गणित पुरे, पण घड्याळ लावून आणि रकाने स्वतः आखून. टॅली शिकताय, चांगलंच आहे, नोकरीला उपयोगी पडेल. पण ते सॉफ्टवेअर ताळेबंद आपोआप काढून देतं, पेपरात तो तुम्हाला काढायचाय.

पेपरात शेवटी टीपा लिहा, म्हणजे घसारा कसा काढला, तरतूद कशी आली. उत्तर चुकलं तरी पायऱ्यांचे मार्क मिळतात, पण नुसता आकडा लिहिला आणि तो चुकला, तर तपासणाऱ्याला देण्यासारखं काही उरत नाही. अंतिम खात्यांत फरक आला तर तो निलंबन खात्यात (न सापडलेला फरक तात्पुरता ठेवायच्या खात्यात) टाकून ताळेबंद जुळवण्याचा मोह टाळा, तपासणाऱ्याची नजर आधी तिथेच जाते. फरक बघा, निम्मा करून बघा, ९ ने भागून बघा. दहा मिनिटांत सापडला नाही तर ताळेबंद तसाच सोडून पुढच्या प्रश्नाला लागा. माझा तो कोरा राहिलेला प्रश्न घसाऱ्याचा होता, आणि तो मला येत होता.