मॉड ५ मध्ये कोनिक काढा आणि त्याच्या सिमेट्री मोजा, कागद-पेन पुरे

व्याख्या पाठ करत बसलात तर सांत भूमितीचा, म्हणजे मोजक्याच बिंदूंच्या भूमितीचा, कंटाळा येणारच, त्यापेक्षा ०,१,२,३,४ एवढेच आकडे घ्या, बेरीज-गुणाकार मॉड ५ करा (उत्तराला ५ ने भागून उरलेली बाकी घ्या) आणि सरळ मोजायला बसा.

आधी प्लेन. बिंदू म्हणजे (एक्स, वाय, झेड) अशी तिकडी, तिन्ही शून्य चालत नाहीत, आणि सगळ्यांना शून्य सोडून एकाच आकड्याने गुणलं तर बिंदू तोच राहतो. म्हणून ५×५×५ वजा १, म्हणजे १२४ तिकड्या, भागिले ४, म्हणजे ३१ बिंदू. रेषा म्हणजे ए×एक्स + बी×वाय + सी×झेड = ० अशा समीकरणाचे बिंदू, त्याही ३१च.

आता वायचा वर्ग = एक्स गुणिले झेड हे समीकरण घ्या, हाच आपला कोनिक. त्यावरचे बिंदू (१, टी, टीचा वर्ग) असे येतात, टी म्हणजे ० ते ४ पैकी कुठलाही आकडा: (१,०,०), (१,१,१), (१,२,४), (१,३,४), (१,४,१), आणि शेवटी (०,०,१), हा सगळे हमखास विसरतात (मी पण विसरलोय). एकूण ६, कुठलेही तीन एका रेषेत नाहीत. चेक करायचं तर रेषा मोजा: ६ स्पर्शिका (कोनिकवरचा एकच बिंदू), १५ छेदिका (दोन बिंदू), आणि १० रेषा कोनिकला शिवतही नाहीत, झाल्या ३१.

सिमेट्री म्हणजे प्लेनची अशी चाल की रेषा रेषाच राहतात आणि कोनिक कोनिकवरच जातो. त्यासाठी मॅट्रिक्सच्या जंगलात शिरू नका, टीकडे बघा. टीचं टी+१ केलं की (एक्स, वाय, झेड) चं (एक्स, एक्स+वाय, एक्स+२वाय+झेड) होतं, म्हणजे (१,२,४) जातो (१,३,४) वर, करून बघा. टीला २ ने गुणायचं तर वायला २ ने आणि झेडला ४ ने गुणा. टी उलटा (१/टी) करायचा तर एक्स आणि झेडची अदलाबदल. या तीन चालींतून अख्खा ग्रुप, म्हणजे सगळ्या सिमेट्रींचा संच, मिळतो. किती मोठा? पहिले तीन बिंदू कुठल्याही तिघांवर नेता येतात आणि तेवढं ठरलं की बाकी सगळं ठरतं, म्हणून ६×५×४ = १२०.

खरी मजा ४ आकड्यांत आहे. पण तिथे मॉड ४ करू नका हां, २×२ शून्य होतं आणि सगळं बोंबलतं. ०, १, ओमेगा, ओमेगा+१ घ्या, १+१ = ० धरा, आणि ओमेगाचा वर्ग = ओमेगा+१. समीकरण तेच, बिंदू ५, सिमेट्री ५×४×३ = ६०. आता स्पर्शिका काढा, पाचही (०,१,०) मधून जातात! याला न्यूक्लियस म्हणतात. तो सहावा धरा, तरी कुठलेही तीन एका रेषेत येत नाहीत, आणि सिमेट्री ६० वरून ३६० वर उडी मारतात, कारण या सहांपैकी कुठल्याही पाचांतून कोनिक जातो आणि उरलेला त्याचा न्यूक्लियस होतो, म्हणजे (०,१,०) चा काही खास मान उरतच नाही. प्रत्येक आकड्याचा वर्ग करण्याची चाल पण चालवून घेतली की ७२०, सहा बिंदूंची हवी ती उलटापालट.

फील्ड म्हणजे शून्य सोडून कशानेही भागता येतं असा आकड्यांचा संच. त्यात आकडे क्यू असतील आणि क्यू विषम असेल, तर असले लाड नाहीत. तिथे क्यू+१ बिंदू, तीन एका रेषेत नाहीत, असा कुठलाही संच कोनिकच असतो, हे इटालियन गणिती सेग्रेने १९५५ मध्ये सिद्ध केलं. पुढे ७ घेऊन सिमेट्री मोजून बघा, उत्तर ३३६ यायला हवं.