ऑफ-रोड गाडीचा मागचा बंपर बदलताय? या चुका टाळा

मागचा बंपर हौसेने बदलणारे थोडे. बाकीच्यांचा तो खडकावरून उतरताना आपटून मुडपलेला असतो, नाहीतर कंपनीचं प्लास्टिकचं कव्हर क्लिपांसकट कुठल्यातरी नाल्यात राहिलेलं असतं. मग नवा शोधायचा किंवा बनवून घ्यायचा, आणि पहिला प्रश्न ठरलेला: "पत्रा किती जाड?" इथेच गाडं घसरतं. पत्रा दिसतो, म्हणून सगळे पत्र्याबद्दल बोलतात. ताण मात्र येतो तो ब्रॅकेटवर, बोल्टवर आणि चॅसिसच्या टोकांवर. बंपर फसतो तोही बहुतेक वेळा तिथेच.

जुना पूर्ण न उघडताच नवा मागवणं

कंपनीच्या बंपरमध्ये साधारण तीन थर असतात. बाहेर प्लास्टिकचं कव्हर, आत धक्का शोषणारा फोम, आणि त्यामागे चॅसिसला बोल्ट केलेला आडवा बीम. फाटलेलं कव्हर बघून फक्त कव्हर मागवलं आणि आतला बीम वाकलेला निघाला, की पैसे दोनदा जातात. म्हणून आधी सगळं उतरवा.

उतरवलंच आहे तर दहा मिनिटं टेप घेऊन गाडीखाली जा. दोन्ही चॅसिस रेलवर, म्हणजे चॅसिसच्या दोन लांब तुळयांवर, समोरासमोर असलेली भोकं निवडा आणि तिरकं माप घ्या: डाव्या रेलच्या पुढच्या भोकापासून उजव्याच्या मागच्या भोकापर्यंत, मग उलटं. दोन्ही मापं सारखी यायला हवीत. चार-पाच मिलिमीटरचा फरक दिसला तर रेलचं टोक सरकलंय. अशा गाडीवर नवा बंपर 'बसत नाही', तीन बोल्ट लागतात आणि चौथा येत नाही. मग कुणीतरी ग्राइंडर घेऊन भोक वाढवतं. बिचाऱ्या बंपरचा त्यात काही दोष नसतो. रेल आधी सरळ करून घ्या.

जुन्या बाजारातला घेणार असाल तर गाडीच्या नावावर भरवसा ठेवू नका. एकाच नावाच्या गाडीत फेसलिफ्टनंतर माउंटिंग बदलतं, छोट्या आणि लांब व्हीलबेसमध्ये (पुढच्या-मागच्या एक्सलमधल्या अंतरात) मागचा भाग वेगळा असू शकतो, सायलेन्सरची बाजूही बदललेली असू शकते. भोकांमधलं मध्य ते मध्य अंतर, रेलची उंची-रुंदी आणि बोल्टचा व्यास ही मापं खिशात असू द्या. लोखंडी बंपर असेल तर तो उलटा करून बघा. पुढून रंग कितीही चकचकीत असो, मागे ब्रॅकेटची भोकं लांबट झालेली दिसली किंवा फक्त वेल्डिंगच्या टाक्यांवरच ताजा रंग मारलेला दिसला, तर सोडून द्या.

आणि गाडी लॅडर फ्रेमची, म्हणजे बॉडीखाली शिडीसारखी वेगळी चॅसिस असलेली, आहे की मोनोकॉक, हे बंपर ठरवण्याआधीच माहीत हवं. खाली जे लिहिलंय ते मुख्यतः लॅडर फ्रेमसाठी आहे. मोनोकॉकमध्ये वेगळी चॅसिस नसते, मागची टोकं घडी घातलेल्या पत्र्याची असतात आणि ती ठोकर बसल्यावर चुरगळावीत म्हणूनच तशी बनवलेली असतात. तिथे जाडजूड लोखंड लटकवण्यात अर्थ नाही.

जाडीच्या नादात वजन विसरणं

एक चौरस मीटर पोलादी पत्र्याचं वजन दर मिलिमीटर जाडीला ७.८५ किलो. एका बंपरला दीड चौरस मीटर पत्रा लागला असं धरा. ३ मिलिमीटरमध्ये तो ३५ किलोचा होतो, ५ मिलिमीटरमध्ये ५९ किलोचा. त्यावर स्टेपनीचा कॅरियर, खुद्द स्टेपनी आणि कॅन आला, की शंभरी सहज गाठली जाते.

हे वजन मागच्या एक्सलच्याही मागे असतं, त्यामुळे तरफेसारखं काम करतं. व्हीलबेस २४०० मिलिमीटर, आणि ८० किलोचं जादा वजन मागच्या एक्सलच्या ९०० मिलिमीटर मागे आहे असं समजा. मागच्या एक्सलवर ८० नाही, ११० किलो वाढतात, आणि पुढच्या एक्सलवरचे ३० किलो कमी होतात. चढावर स्टिअरिंग हलकं लागतंय, हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यांवर जातोय, गाडी बुडावर बसल्यासारखी दिसतेय, अशा तक्रारी घेऊन लोक स्प्रिंग बदलायला जातात. आधी बंपर काट्यावर घाला.

माझं मत विचाराल तर बाहेरचा पत्रा ३ मिलिमीटर पुरतो, पण त्याला नीट घड्या हव्यात. सपाट ५ मिलिमीटरपेक्षा दोन ठिकाणी मोडलेला ३ मिलिमीटर पत्रा जास्त ताठ राहतो. वाचलेलं वजन ब्रॅकेटमध्ये घाला. तिथे ६ ते ८ मिलिमीटरच्या खाली येऊ नका.

याच ओघात डिपार्चर अँगलही, म्हणजे उतरताना मागचा भाग न घासता गाडी किती तीव्र उतार सोडू शकते तो कोन, बघून घ्या. मागच्या चाकाच्या टेकण्यापासून ९०० मिलिमीटर मागे बंपरची खालची कड ५०० मिलिमीटर उंचीवर असेल तर कोन साधारण २९ अंश येतो. नवा बंपर ८० मिलिमीटर खाली आला की तो २५ वर येतो. म्हणजे 'ऑफ-रोड' बंपर लावून गाडी ऑफ-रोडला कमजोर झाली. असं होतं, आणि बऱ्याचदा होतं.

माउंटिंग

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या.

पहिली गोष्ट म्हणजे बॉडी आणि बंपरमधली फट. लॅडर फ्रेमच्या गाडीत बॉडी रबरी माउंटवर बसलेली असते. चॅसिस पिळली की बॉडी तिच्यापासून थोडी वेगळी हलते. बंपर मात्र चॅसिसला घट्ट. दिसायला छान म्हणून फट ५ मिलिमीटरची ठेवली, की पहिल्याच खडबडीत वाटेवर बंपरची कड मागच्या पॅनेलला चावते. १५ ते २० मिलिमीटर मोकळे ठेवा. 'टक टक' आवाज येतोय आणि कारण सापडत नाही? फटीत कणकेइतका मऊ मातीचा गोळा दाबा, एक चाक दगडावर चढवा, आणि गोळा कुठे चपटला ते बघा.

दुसरी गोष्ट स्लीव्ह. बहुतेक चॅसिस रेल म्हणजे पोकळ चौकोनी पेटी. तिच्यातून आरपार बोल्ट घालून आवळला की दोन्ही भिंती आत ओढल्या जातात. पाना घट्ट लागतो, टॉर्क रेंच 'कट' करतो, सगळं ठीक वाटतं. प्रत्यक्षात आपण बोल्ट ताणलेला नसतो, रेल दाबलेली असते. पुढे धक्के बसतात, पत्रा थोडा सैलावतो आणि बोल्ट ढिला होतो. पुन्हा आवळला की भिंत आणखी आत. उपाय साधा: रेलच्या आतल्या रुंदीइतका जाड भिंतीच्या पाइपचा तुकडा कापायचा, टोकं गुण्याने काटकोनात घासायची, रेलच्या उघड्या टोकातून आत सरकवायचा आणि बोल्ट त्यातून न्यायचा. आधीच बसवलेल्या बंपरवर स्लीव्ह आहे की नाही हे कळायला बोल्टशेजारी रेलवर पोलादी फूटपट्टी उभी धरा. पट्टीखालून मध्ये उजेड दिसला तर भिंत आत गेलेली आहे.

तिसरी गोष्ट बोल्ट. डोक्यावर ८.८ किंवा १०.९ कोरलेलं नसेल तो बोल्ट इथे वापरू नका. ८.८ म्हणजे तुटण्याची ताकद ८०० मेगापास्कल आणि त्याच्या ८० टक्क्यांवर, म्हणजे ६४० वर, तो कायमचा ताणला जाऊ लागतो. गंजत नाही म्हणून स्टेनलेसचे बोल्ट घालणारे बरेच आहेत. सर्रास मिळणारा ए२-७० दर्जाचा स्टेनलेस बोल्ट ७०० वर तुटतो आणि ४५० वरच ताणला जातो, शिवाय आवळताना आटे एकमेकांत अडकून जाम होतात. जस्ताचा मुलामा दिलेला ८.८ घ्या. जिथे दोन पत्रे एकमेकांवर सरकू पाहतात तिथे बोल्टचा आटे नसलेला भाग यावा अशी लांबी निवडा. मागेपुढे सरकवता यावं म्हणून सगळीच भोकं लांबट करू नका. प्रत्येक बाजूला निदान एक तरी गोल, नेमक्या मापाचं हवं, नाहीतर पहिल्या जोरदार झटक्याला बंपर तिरका होणारच.

आणि हूक. गाडी ओढून काढायचा पॉइंट जर बंपरच्या पत्र्यावर बाहेरून नुसता वेल्ड केलेला असेल तर तो शोभेचा आहे. टॅब, म्हणजे शॅकल अडकवायची भोकाची जाड पट्टी, पत्र्यातून आरपार आत जायला हवा, दोन्ही बाजूंनी वेल्ड व्हायला हवा, आणि मागे थेट ब्रॅकेटला किंवा रेलच्या रेषेत जोडलेला हवा. ४.७५ टनांच्या बो शॅकलची (दोर जोडायच्या पिनवाल्या लोखंडी कडीची) पिन साधारण २२ मिलिमीटरची असते. भोक २४-२५ चं ठेवा आणि कडा गोल करा, म्हणजे दोराची बनवलेली सॉफ्ट शॅकल कापली जाणार नाही. ट्रेलरच्या टो बॉलला दोर अडकवून गाडी कधीही ओढू नका. तुटलेला बॉल दोरासोबत गोळीसारखा सुटतो आणि त्यात माणसं मेली आहेत.

गाडीवरच सगळं वेल्डिंग उरकणं

मापं घ्यायला आणि टॅक (जागेवर धरून ठेवणारे वेल्डिंगचे छोटे टाके) मारायला बंपर गाडीवर हवा, पूर्ण वेल्डिंगला नको. मागे इंधनाची टाकी, ब्रेकच्या नळ्या आणि वायरिंग असतं. टॅक मारतानाही बॅटरीचं कनेक्शन काढा आणि अर्थचा क्लॅम्प वेल्डच्या अगदी जवळ लावा. तो भलतीकडे लावला तर करंट चाकांच्या बेअरिंगमधून वाट काढतो.

"टॅक मारला तेव्हा बसत होता, वेल्ड करून आणला तर बसत नाही" ही नेहमीची तक्रार. थंड होताना वेल्ड आकसतो आणि ब्रॅकेटची तोंडं जवळ ओढतो. गाडीवरून उतरवण्याआधी दोन ब्रॅकेटमध्ये एक जाड पाइप आडवा टॅक करा, तो सगळं थंड झाल्यावरच कापा. वेल्डही एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सलग ओढू नका. थोडा डावीकडे, थोडा उजवीकडे, असं करत जा.

जीआय पाइप वापरत असाल तर जोडाजवळचा जस्ताचा थर घासून काढा. जळत्या जस्ताचा धूर छातीत गेला की काही तासांनी हुडहुडी भरून ताप येतो. क्लोरीनयुक्त ब्रेक क्लीनरने पुसलेल्या भागावर तर वेल्डिंग करूच नका. त्यातून फॉस्जीन हा विषारी वायू तयार होऊ शकतो.

सेन्सर, दिवे, सायलेन्सर

सेन्सर सतत वाजतोय तर तो बहुधा लोखंडाला थेट चिकटलाय. त्याला रबरी किंवा प्लास्टिकची कडी हवी, आणि जुन्या बंपरवर होता तोच कोन आणि तीच उंची. ब्लाइंड स्पॉटचा रडार बंपरच्या आत असेल तर तो लोखंडातून पलीकडचं बघू शकत नाही. तेवढा भाग प्लास्टिकचा ठेवा किंवा रडारला वाट मोकळी करा. नंबर प्लेट, तिचा दिवा आणि रिफ्लेक्टर झाकले जाणार नाहीत हे पुठ्ठ्याच्या साच्यावरच तपासून घ्या.

नव्या बंपरनंतर केबिनमध्ये धुराचा वास येऊ लागला, तर सायलेन्सरचं तोंड बंपरच्या आतच संपतंय. मागचं दार उघडं असताना तो धूर आत खेचला जातो, आणि त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. तोंड बंपरच्या बाहेर काढा.

उघडणारा स्टेपनी कॅरियर

आडव्या हातावर लटकलेलं ३०-४० किलोचं चाक साध्या बुशवर फार दिवस टिकत नाही. स्पिंडलला समोरासमोर बसवलेल्या दोन टेपर रोलर बेअरिंग हव्यात, ग्रीस निपल हवं आणि पाणी अडवायला सील हवं. हात खाली झुकलाय, लॅच जुळत नाही, म्हणून लॅच हलवून नव्या जागी वेल्ड करून देणारे भेटतील. त्यांना थांबवा. आधी चाक धरून वर-खाली हलवा. स्पिंडलपाशी हालचाल जाणवली तर बेअरिंगचा नट आवळायला झालाय किंवा बेअरिंग गेलीय.

खडखड असेल तर बघायची जागा दुसरी. बंद होताना हाताचं टोक एका उतरत्या पाचरीवर चढून बसायला हवं, म्हणजे चाकाचं वजन पाचरीवर येतं आणि लॅच फक्त धरून ठेवतं. पाचर नसेल किंवा तिचं रबर झिजलं असेल तर लॅच कितीही आवळा, आवाज जाणार नाही. उघड्या स्थितीत हात अडकवून ठेवणारी पिनही हवीच. ती नसली तर उतारावर उभ्या गाडीत तो हात परत येऊन पाठीत बसतो.

रंग

पोकळ भागांना सगळ्यात खालच्या जागी १० मिलिमीटरची निचऱ्याची भोकं ठेवा. ती नसली की चिखलाचं पाणी आत साठतं आणि बंपर आतून बाहेर गंजत येतो. रंगावर फोड दिसेपर्यंत पत्रा अर्धा गेलेला असतो. हॉट डिप गॅल्व्हनायझिंग करणार असाल तर ही भोकं अनिवार्यच, कारण बंद पेटीत अडकलेली हवा आणि ओल साधारण ४५० अंश सेल्सिअसच्या वितळलेल्या जस्तात स्फोटासारखी फुटते. पावडर कोटिंगआधी सँडब्लास्टिंग करून पोलादावरची कारखान्यातूनच आलेली काळी पपडी काढून टाका आणि झिंक प्रायमर द्या. पपडीवर मारलेला कोट दगड लागला की खपलीसारखा निघतो.

बसवून झाल्यावर प्रत्येक नटावरून रेलपर्यंत पेंटची एक बारीक रेघ ओढा. पहिल्या खडबडीत चकरेनंतर गाडीखाली जाऊन बघा. जिथे रेघ तुटलेली दिसेल तो बोल्ट हललाय. तो नुसता आवळून सोडून देऊ नका, काढून स्लीव्ह आणि भोक तपासा.