जुलैत गिटारिस्ट पुण्याला गेला, गणपती तोंडावर: बँडमध्ये नवा माणूस कसा बसवायचा

नागपुरातले बँड बहुधा जून-जुलैत विस्कटतात. कॉलेज संपतं, पुणे किंवा हैदराबादच्या कंपनीची जॉइनिंगची तारीख येते आणि कोणीतरी गिटार बॅगेत घालतो. पुढे गणपतीचे कार्यक्रम, डिसेंबरपासून गॅदरिंगचा हंगाम. नवा माणूस तयार करायला सहा ते आठ आठवडे मिळतात. तेवढे पुरतात, पण काम जाणारा माणूस गावात असतानाच सुरू व्हायला हवं.

माणसं बदलूनही बँड कसा चालतो हे पाहायचं असेल, तर सॅन फ्रान्सिस्कोच्या जर्नी या रॉक बँडकडे पाहा. १९७३ साली सांताना या बँडमधून बाहेर पडलेल्या नील शॉन आणि ग्रेग रोली यांच्याभोवती तो उभा राहिला. पहिले तीन अल्बम फारसे खपले नाहीत. १९७७ मध्ये स्टीव्ह पेरी गायला आला, १९८० मध्ये रोली गेला आणि त्याच्या जागी कीबोर्डवर जोनाथन केन आला. पुढे पेरी गेला, परतला, पुन्हा गेला. त्याच्या जागी गायला १९९८ मध्ये स्टीव्ह ऑजेरी, २००६ मध्ये जेफ स्कॉट सोटो, आणि २००७ च्या शेवटी शॉनने यूट्यूबवर ऐकलेला मनिलाचा आर्नेल पिनेडा. सगळ्या लाइनअपमध्ये असलेला एकटा शॉन. तुमच्याकडेही गाणी, स्केल, टेम्पो आणि पासवर्ड सांभाळणारा असा एक माणूस ठरवून ठेवा. तो सगळ्यांत भारी वाजवणारा असायची गरज नाही. शहर सोडण्याची शक्यता कमी असलेला असावा.

जाणाऱ्याकडून काय घ्यायचं? प्रत्येक गाण्याचा त्याचा भाग क्लिकवर (कानात वाजणाऱ्या तालाच्या ठोक्यावर) एकट्याचा रेकॉर्ड करून घ्या. सोबत एका पानावर स्केल, बीपीएम (मिनिटाला किती ठोके), ट्यूनिंग, कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा) कुठे, आणि कुठल्या ओळीनंतर किती बार (ठोक्यांचे गट). पेडलबोर्डच्या नॉबचे फोटो, कीबोर्डचे पॅच (साठवलेले आवाज) पेनड्राइव्हवर. बॅकिंग ट्रॅकचे स्टेम (प्रत्येक वाद्याची वेगळी फाइल) घेताना सॅम्पल रेट, म्हणजे सेकंदाला आवाजाचे किती नमुने, लिहून घ्या. ४४.१ किलोहर्ट्झची फाइल रूपांतर न करता ४८ वर वाजली, तर सूर जवळजवळ दीड सेमीटोन (लगतच्या दोन सुरांमधलं अंतर म्हणजे एक सेमीटोन) वर सरकतो आणि टेम्पोही वाढतो. मग सगळे एकमेकांच्या ट्यूनरवर संशय घेत बसतात.

सर्वांत जास्त विसरली जाणारी गोष्ट म्हणजे इशारे. गाणं सुरू करायला एक-दोन-तीन-चार कोण मोजतं? सोलो लांबवायचा असेल तर कोण कोणाकडे बघतं? शेवटच्या कॉर्डवर ड्रमर रोल धरून ठेवतो, गिटारिस्ट गिटारचं डोकं वर नेऊन खाली आणतो आणि सगळे एकदम थांबतात. हे कुठल्याच कागदावर नसतं. तो गिटारिस्ट गेला की पहिल्याच कार्यक्रमात गाणी व्यवस्थित वाजतात आणि शेवट मात्र तीन तुकड्यांत सांडतो. नवीन माणूस येण्याआधीच प्रत्येक गाण्याचा शेवट कोण देणार ते नावानिशी लिहा. शक्यतो हे काम ड्रमरकडे द्या, तो सगळ्यांना दिसतो.

ऑडिशनला तीन गाणी पुरे: एक त्याच्या आवडीचं, एक तीन दिवस आधी दिलेलं, आणि एक तिथल्या तिथे स्केल बदलून. तिसऱ्यात तो चुकेलच. चुकल्यावर थांबतो की पुढे पकडतो ते बघा. ड्रमरला ७० बीपीएमचं संथ गाणं क्लिकवर द्या. वेगवान गाण्यात पळणारा हात झाकला जातो, संथ गाण्यात लगेच उघडा पडतो.

गायक बदलला की पट्टीचा प्रश्न येतोच. त्याचा वरचा सूर प्रॅक्टिसच्या सुरुवातीला मोजू नका, दोन तास गायल्यावर मोजा. ताण न देता धरता येणाऱ्या सगळ्यात वरच्या सुरापेक्षा गाण्याचा वरचा सूर निदान एक-दोन सेमीटोन खाली हवा. समजा पांढरी तीनचं (ई) गाणं पांढरी दोनवर (डी) आणायचंय. मोकळ्या तारांवर बसवलेली रिफ (गिटारची पुन्हापुन्हा येणारी धून) नव्या फ्रेटवर शोधत बसण्यापेक्षा गिटार आणि बेस दोन सेमीटोन उतरवा, बोटं तीच राहतात. पण नऊच्या (बारीक जाडीच्या) तारा अशा ढिल्या पडून फ्रेटवर खरखरतात; दहा किंवा अकराचा जाड सेट लावा. फ्लॉइड रोझ ब्रिज (स्प्रिंगांवर तरंगणारा) असेल तर ताण कमी होताच स्प्रिंगा ब्रिज आत ओढतात आणि तारा फ्रेटला टेकतात, म्हणून अशा गिटारचं ट्यूनिंग कार्यक्रमाच्या दिवशी बदलू नका. कीबोर्डवाल्याने ट्रान्सपोज (सगळे सूर एकदम सरकवणारं बटण) उणे दोनवर ठेवलं, तर पुढच्या गाण्याआधी ते शून्यावर आणायची नोंद सेटलिस्टवर लाल पेनाने हवी. ट्रॅक उतरवताना ड्रमचे स्टेम तसेच ठेवा, फक्त सुरांचे उतरवा.

पहिल्या प्रॅक्टिसला पूर्ण बँड बोलावू नका. ड्रमर नवा असेल तर आधी तो आणि बेसवाला, बस्स. चोवीस गाण्यांची यादी बाराची करा. रात्री दहाला लाउडस्पीकर बंद करायचाच असतो, त्यामुळे कमी गाणी म्हणजे बिघाड नाही. उन्हाळ्यात ऑडिशन असेल तर गिटार गाडीत सोडू नका; ४५ अंशांत बंद गाडी भट्टी होते, डिंक सुटतो, नेक वाकतो.

नव्याला जुन्याची नक्कल करायला लावावी का? गाजलेल्या सोलोपुरती हो, बाकी नाही. केन आला तेव्हा सोबत गाणी लिहिण्याची ताकद घेऊन आला आणि १९८१ चा 'एस्केप' अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेला. डूबी ब्रदर्स या अमेरिकन बँडचं तेच. गायक-गिटारिस्ट टॉम जॉन्स्टन १९७५ मध्ये आजारी पडला, मायकेल मॅकडॉनल्ड आला आणि बँडचा बाजच गिटारकडून कीबोर्डकडे वळला. उलट उदाहरण मेटॅलिकाचं. बेसिस्ट क्लिफ बर्टन १९८६ च्या बस अपघातात गेल्यावर जेसन न्यूस्टेड आला, पण त्याच्यासोबतच्या १९८८ च्या पहिल्या पूर्ण अल्बममध्ये बेस जवळजवळ ऐकूच येत नाही. सभागृहातही हे सहज घडतं: साउंडवाल्याकडे जुने लेव्हल सेव्ह असतात. नव्या माणसाचं चॅनल साउंडचेकला शून्यापासून लावून घ्या.

शेवटी नावाचं. २०२० मध्ये शॉन आणि केन यांनी जर्नीच्याच बेसिस्ट आणि ड्रमरला काढलं आणि कोर्टात खेचलं. वाद नावाच्या मालकीशी जोडलेल्या कंपनीवरून होता, २०२१ मध्ये मिटला. तुमच्याकडे कंपनी नसेल, पण इन्स्टाग्रामचा ओटीपी कोणाच्या फोनवर येतो? जाणारा माणूस निघण्याआधी नंबर आणि ईमेल बदला, यूट्यूब चॅनलवर दुसरा मालक जोडा. नाव जपायचं असेल तर मनोरंजन सेवेसाठी ट्रेडमार्कचा वर्ग ४१ लागतो, नोंदणी दहा वर्षं चालते. स्वतःची गाणी असतील तर शब्द कोणाचे, चाल कोणाची, हे सगळ्यांच्या सह्यांनिशी एका कागदावर घ्या. जाणाऱ्याचं उरलेलं मानधनही त्याच दिवशी चुकतं करा, कारण गॅदरिंगच्या हंगामात ड्रमर आजारी पडला की पहिला फोन त्यालाच लावावा लागतो.