गावच्या शाळेत डब्याचे नियम कसे ठरवावेत

जूनच्या अखेरीस विदर्भातल्या शाळा उघडतात आणि लगेच तालुक्याच्या कॉन्व्हेंटमधून, म्हणजे खासगी इंग्रजी शाळेतून, एक कागद घरी येतो. सोमवारी पोळी-भाजी, मंगळवारी मोड आलेलं कडधान्य, बुधवारी इडली, शुक्रवारी फळ. मांसाहार नको, पाकिटातला खाऊ नको, आपला डबा कोणाला द्यायचा नाही, कोणाचा घ्यायचा नाही. छापणाऱ्याचा हेतू वाईट नसतो. पण हा कागद ज्या घरात जातो तिथली बाई पावसाळ्यात निंदणाला आणि दिवाळीच्या पुढेमागे कापूस वेचायला भल्या सकाळी घराबाहेर पडते. तिनं इडलीचं पीठ केव्हा वाटायचं? थोडे दिवस ओढाताण होते, मग पोराच्या हातात डब्याऐवजी दहाची नोट येते आणि ती थेट फाटकासमोरच्या टपरीवर जाते. पाकिटं बंद करायला निघालेला नियमच पाकिटांचं गिऱ्हाईक वाढवतो.

म्हणून नियम करायचेच असतील तर थोडे करा आणि सगळ्यात घाईच्या घरालाही पाळता येतील असे करा. मुख्याध्यापक, शाळा व्यवस्थापन समितीतले पालक किंवा ज्यांना शाळेचा कागद पटलेला नाही असे आईवडील, कोणीही हे काम हाती घेऊ शकतं.

आधी कायदा कुठवर जातो ते बघा

पालकांच्या सभेत कोणीतरी हमखास म्हणतं, ‘सरकारचाच नियम आहे.’ तो नेमका काय आहे ते माहीत असावं. महाराष्ट्र शासनानं मे २०१७ मध्ये शाळांच्या उपाहारगृहांतून जास्त मीठ, साखर आणि चरबीचे पदार्थ हद्दपार केले. पुढे भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या २०२० च्या विनियमांनी असे पदार्थ शाळेच्या आवारात आणि फाटकापासून ५० मीटरच्या आत मुलांना विकायला मनाई केली. तंबाखूचं अंतर वेगळं आहे: २००३ च्या कायद्यानुसार शाळेपासून १०० यार्डांच्या, म्हणजे साधारण ९१ मीटरच्या आत तंबाखूजन्य पदार्थ विकता येत नाहीत.

हे सगळं विक्रीबद्दल आहे, घरून आलेल्या डब्याबद्दल नाही. डब्याचा नियम हा शाळेनं आणि पालकांनी आपसात केलेला करार असतो, आणि तो पालकांना मान्य असेल तेवढाच चालतो. टपरीवाल्याला मात्र कायदा दाखवता येतो. माझं मत विचाराल तर पहिली मेहनत तिथेच करावी. समितीचा ठराव करून एक प्रत ग्रामपंचायतीला द्या, एक जिल्ह्याच्या अन्न व औषध प्रशासनाला. टपरी गावातल्याच कोणाची तरी असते, म्हणून आधी तोंडी बोला. पाकिटांच्या माळेजागी फुटाणे, मुरमुरे, चिक्की, केळी ठेवली तर त्याचाही धंदा बुडत नाही.

जिल्हा परिषदेच्या शाळेत आणखी एक गोष्ट आहे. पहिली ते आठवीला दुपारचं जेवण शाळेतच मिळतं. योजनेचं नाव २०२१ पासून पीएम पोषण झालं, गावात ती अजून ‘खिचडी’च आहे. पाचवीपर्यंतच्या मुलाला त्या ताटातून ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं, सहावी ते आठवीला ७०० कॅलरी आणि २० ग्रॅम प्रथिनं मिळावीत असं ठरलेलं आहे. तिथे डब्याची सक्ती करण्यात अर्थ नाही. पण त्याच आवारात नववी-दहावीचे वर्ग असतील तर त्या मुलांना हे जेवण लागू नाही. डब्याची खरी गरज त्यांना असते आणि नियम करताना नेमकी तीच मुलं विसरली जातात.

डबा किती तास बंद राहतो ते मोजा

पदार्थांची यादी करण्याआधी हे करा. प्रत्येक वाडी-वस्तीवरच्या एका पालकाला विचारा, डबा किती वाजता भरता? गाडी किती वाजता येते? जेवणाची सुट्टी किती वाजता? साडेदहाला भरणाऱ्या शाळेचा डबा कित्येक घरांत सहा-साडेसहालाच भरून तयार असतो, कारण त्यानंतर स्वयंपाक करायला घरी कोणी नसतं. तो दीड वाजता उघडतो. म्हणजे सात तास. त्यातला काही वेळ दप्तरं व्हॅनच्या टपावर उन्हात बांधलेली असतात.

एप्रिल-मेच्या उन्हाची सगळ्यांनाच धास्ती असते, पण तेव्हा सकाळपाळी असते आणि डबा दोन-अडीच तासांत संपतो. डब्याला खरा धोका सप्टेंबर-ऑक्टोबरचा. शाळा दिवसभराची, पाऊस ओसरलेला, हवेत दमटपणा आणि वर ऑक्टोबरचं ऊन. त्या महिन्यांत काय टिकतं ते धरूनच नियम करावा.

सगळ्यात जपायचं ते रात्रीच्या भाताला. शिजवलेला भात रात्रभर उघड्यावर राहिला की त्यात बॅसिलस सिरियस नावाचे जिवाणू वाढतात. त्यांचे बीजाणू शिजवण्यातून वाचलेले असतात, आणि ते जे विष सोडतात त्यातलं एक सकाळच्या फोडणीनंही जात नाही. पोरगं दुपारी ओकायला लागतं आणि घरचे म्हणतात, गाडी लागली. म्हणून फ्रीज नसलेल्या घरासाठी सांगणं सोपं ठेवा: रात्रीची पोळी उरली असेल तर कुस्करून फोडणीची पोळी चालेल, रात्रीचा भात डब्यात नको. दहीभात, रस्सा आणि पनीरही ऑक्टोबरात नको.

कोरडं ते टिकतं, आणि आपल्याकडे कोरड्याला तोटा नाही. ज्वारीची भाकर किंवा पोळी, कोरडं बेसन, आलूची सुकी भाजी, रश्शाशिवायची पातोडी (बेसनाची वडी), जवसाची चटणी, फल्लीची म्हणजे शेंगदाण्याची चटणी. हिवाळ्यात मिठाच्या पाण्यात उकडलेल्या तुरीच्या शेंगा. भंडारा-गोंदियाकडे उकडलेले शिंगाडे, काटोल-वरुडकडे अख्खं संत्रं. बोरंही चालतील, फक्त बिया बाकाखाली जाणार हे गुरुजींनी गृहीत धरावं. जवस आणि फल्ली यांच्यासारखं तेलबियांचं सत्त्व महागड्या पावडरीच्या डब्यात शोधायची गरज नाही, ते घरच्या बरणीत असतं. भाजी पालेभाजीची असेल तर लिंबाची फोड सोबत द्यावी, म्हणजे तिच्यातलं लोह अंगी लागायला मदत होते.

भरायची पद्धतही सभेत दाखवून द्यावी, कारण निम्मे डबे तिथेच बिघडतात. तव्यावरची भाकर तशीच डब्यात घालून झाकण लावलं की वाफ झाकणाला धरते, तिचे थेंब खाली गळतात आणि दुपारी भाकरीची खालची बाजू गिळगिळीत होऊन बोटाला चिकटते. पोरगं तेवढी टाकून देतं आणि आईला वाटतं, भूक नव्हती. भाकर टोपलीत उभी टेकवून निवू द्यावी, रोज धुतलेल्या सुती फडक्यात गुंडाळावी, मग डब्यात ठेवावी. वर्तमानपत्रात गुंडाळू नये, त्याची शाई अन्नाला लागते. डबा स्टीलचा बरा. बालवाडीतल्या मुलाला झाकण स्वतः उघडता येतं का ते घरीच पाहून घ्यावं. झाकण घट्ट बसतं म्हणून उपाशी परत येणारी मुलं वाटतात त्यापेक्षा जास्त असतात.

सभा बायांना जमेल तेव्हा घ्या

शिक्षण हक्क कायद्यानं शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश पालक असावेत आणि एकूण सदस्यांत निम्म्या महिला असाव्यात असं सांगितलं आहे. खासगी विनाअनुदानित शाळेत हे काम पालक-शिक्षक संघाकडून करून घ्यावं. कागदावर बाया असतातच. सभा मात्र सकाळी अकराला ठेवली की बाप येतात, आणि डबा भरणारी वावरात असते. सभा संध्याकाळी दिवेलागणीनंतर घ्या किंवा गावच्या बाजाराच्या दिवशी, त्या दिवशी बहुतेक मजुरीला सुट्टी असते. शाळेत जमत नसेल तर मंदिराच्या किंवा विहाराच्या ओट्यावर बसा.

भाषण कमी करा. ‘सकाळी तुमच्याकडे काय शिजते?’ एवढं विचारा आणि लिहून घ्या. ‘सकाई सहाले वावरात जा लागते, पोया टाकू का भाजी निवडू?’ असं एखादी बोलली की मागच्या चारजणी मान डोलावतात, आणि आठवड्याच्या वेळापत्रकाचा विषय तिथेच मिटतो. वेळापत्रक नकोच. त्याऐवजी ‘घरी जे शिजलं ते, कोरडं’ असं लिहा.

कागद एका पानाचा असू द्या

मसुदा असा काहीसा होईल:

‘डब्यात घरी शिजलेलं अन्न द्यावं. भाकर-चटणीचा डबा पूर्ण डबा समजला जाईल. चिप्स, पुंगळ्या, कच्च्या नूडल्स, रंगीत सरबतं आणि थंड पेयं शाळेत आणू नयेत. रात्रीचा भात कधीच देऊ नये. पावसाळा संपेपर्यंत आणि ऑक्टोबर महिन्यात दही आणि रस्सा देऊ नये. सुपारी, खर्रा, तंबाखू शाळेत कोणीही आणणार नाही, शिक्षक आणि पालकसुद्धा. वाढदिवसाला चॉकलेट वाटू नये. वाटायचंच तर केळी किंवा चिक्की. कोणाला एखादा पदार्थ सोसत नसेल तर वर्गशिक्षकांना लेखी कळवावं.’

बस. याहून वाढवलं तर कोणी वाचणार नाही. ‘भाकर-चटणीचा डबा पूर्ण डबा’ हे वाक्य मात्र काढू नका. कॉन्व्हेंटमध्ये भाकर आणणारी मुलं झाकण अर्धंच उघडून खातात, आणि शाळेच्या कागदावरच भाकरीला मान मिळाला तर ते झाकण पूर्ण उघडायला मदत होते.

खर्र्याचं कलम नावापुरतं ठेवू नका. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, तरी आपल्याकडे पन्नीत घोटलेला सुपारी-तंबाखूचा खर्रा चौकाचौकात मिळतो आणि सातवी-आठवीतल्या पोराला तो घरूनच आणायला पाठवतात. गुरुजींच्या गालात खर्रा असेल तर पोराचं दप्तर तपासण्यात काही हशील नाही.

अंडं, मासोळी आणि वाटून खाणं

इथे सभा तापते. ‘मांसाहार नको’ असं लिहायचं असेल तर कारण विचारा. उन्हात खराब होतं हे कारण असेल तर ते पनीरला आणि दह्यालाही लागू आहे, मग नियम ‘ओलं कालवण नको’ असा व्हायला हवा. टरफलासकट उकडलेलं अंडं कोरडंच असतं. सकाळी उकडावं, टरफल जेवतानाच काढावं, आणि डबा सात तास राहणार असेल तर ते टाळावं. नोव्हेंबर २०२३ पासून काही काळ सरकारनंच शाळेच्या जेवणात आठवड्यातून एकदा अंडं आणि न खाणाऱ्याला केळं दिलं होतं. तलावांच्या भागातल्या पोराच्या डब्यात सुकी मासोळी असणार. ती शेजाऱ्याला चालत नसेल तर जागा बदलून बसता येतं.

डबा सगळ्यांसमोर उघडायला लावणं, हुंगणं, ‘हे काय आणलंस’ म्हणणं, हे कोणत्याही नियमानं होऊ देऊ नये. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ नं मुलाला शारीरिक शिक्षेइतकाच मानसिक त्रास देण्यालाही मनाई केली आहे. कागदात हे नसलं तरी शिक्षकांच्या बैठकीत सांगितलं गेलंच पाहिजे.

‘डबा वाटू नका’ हा नियम शहरातून आला आहे, आणि मला तो गावात नको वाटतो. ज्या गावात मोठ्यांच्या पंगती अजूनही कुठे कुठे वेगळ्या बसतात, तिथे पोरं गोल करून एकमेकांच्या डब्यातली चटणी खातात. ते शाळेनं मोडू नये. हात धुऊन बसवा, तेवढं पुरे.

अपवाद अॅलर्जीचा. फल्लीवर सरसकट बंदी घालणं आपल्याकडे शक्य नाही, निम्म्या भाज्यांत कूट असतो. ज्या मुलाला त्रास होतो त्याची नोंद वर्गात भिंतीवर नको, शिक्षकांच्या वहीत हवी. त्याचा डबा वेगळा आणि शेजारच्या दोन-तीन मित्रांना कल्पना दिलेली. खाल्ल्यावर अंगावर गांधी उठल्या, ओठ-जीभ सुजली, श्वास लागला तर घरच्यांची वाट न पाहता १०८ ला फोन करावा. बालवाडीच्या मुलांना अख्खे फल्लीदाणे, फुटाणे देऊ नयेत, घशात अडकतात. कूट करून द्यावा.

नियम मोडला तर, डबाच नसला तर

पाकीट सापडलं तर काढून घेऊन बाकी मुलांना वाटणं किंवा कचऱ्यात टाकणं, दोन्ही चुकीचं. त्या पोराचं ते दुपारचं जेवण असतं. त्याला खाऊ द्या, संध्याकाळी पालकाला फोन करा आणि फोनवर आधी विचारा, आज घरी काही अडचण होती का? वेचणीच्या दिवसांत उत्तर बहुधा तेच येतं.

बिनडब्याचं मूल आठवीपर्यंतचं आणि शाळा जिल्हा परिषदेची असेल तर खिचडी आहेच. कॉन्व्हेंटमध्ये आणि नववी-दहावीला सोय करावी लागते. वर्गात झाकणाचा एक डबा ठेवा, त्यात फुटाणे, गूळ, फल्लीदाणे असू द्या. पालकांनी सोयाबीन निघाल्यावर, हरभरा निघाल्यावर जमेल तसं त्यात टाकावं. हिशेब ठेवायचा तर शिक्षकानं ठेवावा, पोरांसमोर कोणाचं नाव लिहू नये. लोहाची साप्ताहिक गोळी असेल त्या दिवशी हा डबा आधी फिरवावा, कारण उपाशीपोटी गोळी घेतली की मळमळ होते आणि पुढच्या आठवड्यापासून पोरं गोळी खिशात घालतात.

कागद वर्षातून दोनदा काढून बघावा. एकदा दिवाळीच्या सुट्टीनंतर, तेव्हा दही आणि रश्श्यावरची बंदी उठवता येते. दुसऱ्यांदा सकाळपाळी लागण्याच्या आधी, फेब्रुवारीत. त्या वेळी डबा लहान करायला सांगावं, पाण्याची बाटली मोठी, आणि व्हॅनवाल्याला टपावरची दप्तरं आत घ्यायला लावावीत.