शिक्षेतील माफीचे दिवस कसे मोजून घ्यावेत: सोलापुरातील बंद्यांच्या नातेवाइकांसाठी

निकालपत्रात सक्तमजुरीची तीन वर्षे लिहिलेली असली, तरी शिस्तीने वागणारा आणि नेमून दिलेले काम नीट करणारा बंदी त्याआधी घरी येऊ शकतो. वाचलेल्या या दिवसांना कारागृहात ‘माफी’ म्हणतात. अशी माफी देण्याचे नियम करण्याचा अधिकार 1894 च्या तुरुंग अधिनियमातील कलम 59 ने दिला असून महाराष्ट्रात त्यासाठी 1962 चे माफी नियम आहेत. सोलापूर जिल्हा कारागृहात मुलाखतीसाठी येणाऱ्या नातेवाइकांना मी नेहमी सांगतो की माफीचे दिवस आतला माणूस कमावतो, पण त्यांचा हिशेब कागदावर राहतो आणि त्या कागदावर घरच्यांची नजर असावी लागते.

आपला माणूस कच्चा कैदी आहे की पक्का, हे आधी समजून घ्यावे. खटला चालू असलेल्या कच्च्या कैद्याला माफी नसते, परंतु त्याचे दिवस वाया जात नाहीत. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 468 प्रमाणे त्याच खटल्यात शिक्षेपूर्वी भोगलेली कोठडी पुढे शिक्षेतून वजा होते. मात्र दंड न भरल्याबद्दलच्या कैदेतून ती वजा होत नाही. म्हणून ऐपत असेल तर दंड वेळेत भरावा, कारण दंड भरताच ती जादा कैद संपते.

अक्कलकोटहून आलेल्या एका माउलीने पिशवीतून निकालाची चार घड्या पडलेली प्रत काढून माझ्यासमोर ठेवली होती. मुलगा निकालापूर्वी सात महिने आत होता आणि शिक्षेच्या वॉरंटवर, म्हणजे न्यायालयाने कारागृहाला पाठवलेल्या आदेशावर, त्या सात महिन्यांचा उल्लेखच नव्हता. न्यायालयात अर्ज केल्यावर दुरुस्ती झाली, पण तोवर त्या घराने सुटकेची चुकीची तारीख उराशी धरली होती. तेव्हापासून मी अटकेची तारीख, जामिनाची तारीख आणि निकालाची तारीख एका कागदावर लिहून घ्यायला लावतो. तीन वर्षांतून सात महिने गेले की दोन वर्षे पाच महिने उरतात, आणि माफीचे दिवस त्यातून आणखी कमी होतात.

माफी मिळवण्याइतकेच ती टिकवणे महत्त्वाचे आहे. कामास हट्टाने नकार देणे, मारहाण, आजाराचे सोंग, निषिद्ध वस्तू जवळ बाळगणे हे सगळे 1894 च्या तुरुंग अधिनियमाच्या कलम 45 खालील कारागृहातील गुन्हे आहेत आणि त्यांच्या शिक्षांमध्ये माफीच्या सवलती गमावणे हीसुद्धा एक शिक्षा आहे. बंद्याच्या हिस्ट्री तिकिटावर, म्हणजे त्याच्या वर्तनाच्या नोंदींच्या कागदावर, नोंद चढली की ती त्याच्या मागे राहते. कित्येकदा ही नोंद घरच्यांच्या मायेपोटी होते, हे मला फार लागते. शेंगाचटणीच्या पुडीखाली तंबाखूची पुडी सरकवणाऱ्या भावाला वाटते की आपण आतल्याचा जीव रमवतो आहोत. प्रत्यक्षात तो त्याचे दिवस वाढवत असतो. रजेचेही तसेच आहे. ठरावीक काळ शिक्षा भोगल्यावर मिळणाऱ्या संचित रजेचा, म्हणजे फर्लोचा, काळ शिक्षेत धरला जातो, तातडीच्या कारणासाठी मिळणाऱ्या पॅरोलचा धरला जात नाही, आणि दोन्हींतून उशिरा परतल्यास माफी कापली जाते. एस.टी. चुकली हे कारण तिथे चालत नाही, त्यामुळे एक दिवस आधीच निघावे.

लांब शिक्षेच्या बंद्याला येरवडा किंवा कळंब्यासारख्या मध्यवर्ती कारागृहात हलवतात. बदलीनंतरच्या पहिल्याच मुलाखतीत जुन्या कारागृहातील माफीची नोंद नव्या ठिकाणी पोहोचली का, हे बंद्याने तुरुंगाधिकाऱ्यांना विचारावे, असे त्याला सांगावे.

काही शिक्षांना मर्यादा आहेत. अमली पदार्थांच्या कायद्यातील कलम 32-अ मुळे, सेवनाबद्दलच्या कलम 27 चा अपवाद वगळता, त्या कायद्याखालील शिक्षेत माफी मिळत नाही. जन्मठेप म्हणजे चौदा किंवा वीस वर्षे, हा समज 1961 सालीच सर्वोच्च न्यायालयाने खोडून काढला आहे. ज्या गुन्ह्याला फाशीचीही तरतूद आहे, त्यातील जन्मठेपेच्या बंद्याला प्रत्यक्ष चौदा वर्षे भोगल्याशिवाय माफीच्या आधारे सोडता येत नाही.

हिशेब चुकला असे वाटल्यास बंद्याने अधीक्षकांकडे लेखी अर्ज द्यावा, त्यात तारखा स्पष्ट लिहाव्यात आणि त्याची एक प्रत घरी ठेवावी. वकिलाची ऐपत नसेल तर जिल्हा न्यायालयाच्या आवारातील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे. 1987 च्या कायद्याप्रमाणे कोठडीतील व्यक्तीला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, आणि 15100 या क्रमांकावर फोन करूनही माहिती घेता येते. तिथेही दाद लागली नाही तर उच्च न्यायालयात जाता येते, आणि ऑगस्ट 2025 पासून सोलापूरकरांसाठी त्याचे सर्किट बेंच, म्हणजे फिरते खंडपीठ, कोल्हापुरात बसत असल्याने त्यासाठी मुंबई गाठावी लागत नाही.