तोलुकाला जाताय? आधी तीन अक्षरं वाचा

पार्ल्यात मी पंचवीस वर्षं विमानाची तिकिटं काढून देतेय, तरी मेक्सिकोने एकदा माझी चांगलीच फजिती केली. ओळखीतल्या एका मुलासाठी दोन स्वस्त तिकिटं वेगवेगळी काढली. मेक्सिको सिटीत उतरायचं, चार तासांनी पुढचं विमान. ते पुढचं विमान सुटत होतं तोलुका या शेजारच्या शहराहून, आणि मी पाहिलं होतं फक्त ‘मेक्सिको सिटी’. विमान गेलं. नव्या तिकिटाचे पैसे अर्थात मीच भरले.

तेव्हापासून शहराचं नाव वाचत नाही, तिकिटावरचा विमानतळाचा तीन अक्षरी कोड वाचते. एमईएक्स म्हणजे बेनितो हुआरेस, शहराच्या पूर्व अंगाला. एनएलयू म्हणजे फेलिपे आंखेलेस, उत्तरेला, २०२२ साली सुरू झालेला. टीएलसी म्हणजे तोलुका, पश्चिमेला, तोही डोंगरापलीकडे. एमईएक्सवरून टीएलसी गाठायचं तर अख्खं शहर ओलांडून वर डोंगर चढायचा. नवी मुंबईचा विमानतळ सुरू झाल्यापासून ही भानगड आपल्याला नीट समजावी. दोन तिकिटांवर दोन कोड दिसले, तर मध्ये एक रात्र ठेवाच.

व्हिसाचं सोपं आहे. पासपोर्टवर अमेरिकेचा चालू व्हिसा असेल तर मेक्सिकोचा वेगळा लागत नाही. तरी तिकीट काढण्याआधी वकिलातीचे नियम एकदा बघा.

आता उंची. तोलुकाचा विमानतळ सुमारे २,५८० मीटरवर आहे. आपलं कळसूबाई १,६४६! हवा विरळ, म्हणून विमानाला उडायला जास्त धाव लागते. तिथली धावपट्टी ४,२०० मीटर लांब आहे, आपली सांताक्रूझची मोठी साडेतीन हजारांच्याही आत. मग तुमच्या छातीला धाप लागली तर नवल नाही. पहिल्या दिवशी जिने सावकाश चढा, पाणी पीत राहा, पार्टी दुसऱ्या दिवशी. स्वेटर हातातल्या बॅगेत ठेवा, पहाटे धुकं आणि गारठा असतो. आणि चिवड्याचं सीलबंद पाकीट तिथे उशीसारखं टम्म फुगतं. ते खराब झालेलं नसतं, फेकू नका. कोपऱ्याला बारीक चीर द्या. दोन्ही हातांनी ओढून फाडलंत तर शेंगदाणे पलंगाखालून वेचावे लागतात.

घरी फोन तिथल्या सकाळी साडेनऊला करा. इथे रात्रीचे नऊ वाजलेले असतात, जेवणं आटोपलेली असतात.